पहिला मासा पाण्यात

नातीने पंखा बंद केला. आवाज त्या जपानी म्हाताऱ्याच्या कानात जाईल म्हणे. उन्हाळ्याचे दिवस, मोहाडीतली लेकीची पत्र्याची खोली, अन् मी घामाने चिंब, हातात मोबाईल धरून बसलेली. लॅपटॉपवरून तो माझ्याकडेच बघत होता.

हा माणूस कोण, ते आधी सांगते. नातीने त्याची गोष्ट इतक्यांदा सांगितली की तो मला सोयऱ्यातलाच वाटतो. तरुणपणी तो दुकानातल्या खेळांच्या मशिनी दुरुस्त करायचा. मग स्वतःच खेळ रचू लागला, आणि तेही अशा काळात, जेव्हा हे एक काम असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. खेळावर त्याचं नावही येत नसे. मशीन दुकानात लागली की हा गिऱ्हाइकासारखा मागे उभा राहून खेळणाऱ्यांचे हात बघायचा. हात जिथे अडखळला, तेवढंच परत जाऊन बदलायचा. सारी उमर अशी गेली. आता तो मोजक्या पोरापोरींना शिकवतो, आणि माझ्या नातीला त्याच्या हाताखाली जायचं होतं. त्यासाठी तिने तळ्यातल्या मासेमारीचा खेळ बनवला होता.

त्याची अट एकच. कधीच न खेळलेला माणूस बसवा, आणि त्याला खेळाबद्दल एक शब्दही सांगू नका.

"आजी, तळ्यावर करते तसंच कर. घाबरू नको," नात म्हणाली होती.

"मी कायले घाबरू वं? सकाळपासून तूच जेवली नाही."

मी मोबाईलवर बोट फिरवलं. जाळं पसरलं. एक मासा आत आला. तो टोपलीत टाकायचा, हे मला बघूनच कळलं. पण आमच्या घरची रीत अशी, की जाळ्यात आलेला पहिला मासा पाण्याला परत द्यायचा. सासूने हात धरून शिकवलेलं. मी विचार करायच्या आत बोटाने तो मासा जाळ्याबाहेर ढकलला.

पडदा लाल झाला. मासा सुटला, डाव संपला.

नातीचा चेहरा मला बघवेना. म्हातारा काहीतरी बोलला. त्याचं बोलणं समजावायला लॅपटॉपवर एक दुभाषी बाई होती, तिने हिंदीत विचारलं, चुकून झालं की मुद्दाम?

हात घसरला म्हटलं असतं, तर दोष माझा राहिला असता. खरं बोलले, तर दोष पोरीच्या खेळाचा. पण ज्याने जन्मभर हातच पाहिले, त्याच्यासमोर काय लपवणार? मी रीत सांगून टाकली.

तो हसला नाही. नातीला विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"हो. लहानपणापासून बघते."

"मग खेळात का नाही?"

तिने माझ्या हातातला मोबाईल घेतला आणि त्या लाल पडद्याकडे बघितलं. तो म्हणाला, तेवढंच बदल आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दाखव. घेतो म्हणाला नाही, नाही घेत असंही म्हणाला नाही.

लॅपटॉप बंद झाल्यावर तिने पंखा लावला.

"आजी, हात घसरला म्हणाली असती तं?"

"त्याले कळलं असतं, बाई."

तिने ताट वाढून घेतलं, मान खाली घालून जेवली. हात धुऊन आली, मोबाईल पुन्हा माझ्या हातात दिला, आणि माझे हात बघत माझ्या मागे जाऊन उभी राहिली.