लेफ्ट गार्डचा नमस्कार

आमच्या गल्लीत क्रिकेटच्या वेळी मला ‘कच्चं लिंबू’ म्हणत. कच्चं लिंबू म्हणजे आईने खिडकीतून सांगितलं म्हणून खेळात घेतलेला, पण मोजणीत न धरलेला प्राणी. तो बाद झाला तरी बाद नाही, आणि त्याने रन काढले तरी ते कुणी धरत नाही. बाकीची मुलं वर्षा-दोन वर्षांत पिकली. मी दहावीपर्यंत कच्चाच राहिलो, कारण मी जाड होतो. गुटगुटीत म्हणायचं वय उलटून गेल्यावरही जाडच होतो.

त्यामुळे जर्मनीत ब्राउनश्वाइगला शिकायला आल्यावर विद्यापीठाच्या क्रीडागृहात एका माणसाने माझे दोन्ही खांदे धरले, माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि ‘वुंडरबार!’ म्हणाला, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. तो मलाच अप्रतिम म्हणत होता. मी तिथे टेबल टेनिससाठी नाव द्यायला गेलो होतो. त्याने वजन विचारलं. मी सवयीने चार किलो कमी सांगितलं, तर त्याचा चेहरा पडला. मग मी खरं सांगितलं आणि वर दोन किलो आपल्या पदरचे घातले. अंगावर मूठभर मांस चढणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

हा माणूस विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा प्रशिक्षक होता. एरवी तो एका शाळेत पीटी शिकवायचा. या फुटबॉलमध्ये पायाचं काम थोडं आणि धक्काबुक्की फार. ज्यांच्याकडे चेंडू ती बाजू ऑफेन्स. ऑफेन्सचे पाच धिप्पाड गडी एका ओळीत ओणवे होऊन, एक हात जमिनीला टेकून उभे राहतात. मधला सेंटर. तो पायांमधून चेंडू मागे देतो. बाकीच्या चौघांच्या नशिबात चेंडू नाहीच. त्यांनी समोरच्याला रेटायचं आणि आपल्या माणसाला पळायला वाट करून द्यायची. सेंटरच्या डावीकडचा तो लेफ्ट गार्ड. आधीचा लेफ्ट गार्ड शिक्षण संपवून फ्रँकफर्टला बँकेत चिकटला होता. जागा रिकामी होती, आणि तिच्यासाठी आम्ही दोघे होतो.

दुसरा दावेदार जवळच्याच एका खेड्यातला, मेकॅनिकलचा. दारातून आत येताना मान तिरकी करायचा. आदलं अख्खं वर्ष त्याने बाकावर बसून काढलं होतं आणि ही जागा आता आपलीच, असं त्याने धरलं होतं. तेवढ्यात मी उपटलो.

मार्चच्या शेवटी, सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी, आमचं शिबिर हार्झच्या डोंगरात भरलं. राहायला युगेंडहेर्बेर्गे, म्हणजे शाळा-कॉलेजच्या सहली उतरतात तसलं वसतिगृह. शेजारी मैदान. गुरुवारी सुरुवात, रविवारी आपापसांत सामना, आणि सामन्यानंतर कोण कुठे खेळणार ते जाहीर होणार.

काय सांगू त्या शिबिराची मजा! नाश्त्याला प्रशिक्षक आमच्या पाच-सहा जाड्यांच्या ताटांत डोकावत फिरायचा आणि माझ्यापाशी थांबून काळजीने विचारायचा, ‘बस, एवढंच?’ वोल्फ्सबुर्गच्या काकू सोडल्या तर मला आयुष्यात हे कुणी विचारलं नव्हतं. काकू आईच्या शाळेतल्या मैत्रीण. जर्मन माणसाशी लग्न करून त्या कित्येक वर्षांपूर्वीच इकडे आल्या. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायचो. त्या नवऱ्याला ‘अहो’ म्हणतात आणि काकांची समजूत अशी की ते आपलं लाडाचं नाव आहे. माझ्या वजनातला बराचसा वाटा काकूंच्या पुरणपोळ्यांचा, त्यामुळे माझ्या निवडीचं थोडं श्रेय त्या आधीच घेऊन बसल्या होत्या.

पहिल्या दिवशी मी धमाल केली. मी बुटका, त्यामुळे समोरच्याच्या छातीखाली घुसायला मला वाकावं लागत नव्हतं. मी घुसायचो, उठायचो, आणि समोरचा उताणा. दाराला मान तिरकी करणाऱ्यालाही मी एकदा पाडलं. त्याने मला दोनदा पाडलं, ते सोडा. चिखलात लोळून मी लहान पोरासारखा खिदळत होतो. संध्याकाळी आईला फोन केला तर ती म्हणाली, ‘अरे, मारामारी करायला पाठवलंय का तुला तिकडे?’ मी म्हटलं, ‘आई, इथे मला मोजतात गं.’ ती म्हणाली, ‘गरम पाण्याने अंघोळ कर.’

दुसऱ्या दिवशी पंचाईत झाली.

तोवर आम्ही हातभर अंतर ठेवून उभे राहत होतो. त्या दिवशी प्रशिक्षकाने ओळ आवळली. चेंडू मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे न्यायला, म्हणजे गुण मिळायला, दोन पावलंच उरलेली असतात तेव्हा मधून कुणी घुसू नये म्हणून पाचही जण बुटाला बूट भिडवून उभे राहतात. मी ओणवा झालो, हात टेकला, आणि माझा बूट सेंटरच्या बुटाला लागला.

पाय लागला! झालं. माझा हात आपसूक जमिनीवरून उठला, सेंटरच्या पोटरीला लागला आणि तिथून माझ्या कपाळाकडे, म्हणजे हेल्मेटकडे गेला. पंचाची शिट्टी वाजली आणि एक पिवळा रुमाल उडत येऊन माझ्यापुढे पडला. नियम असा, की ओळीतल्या माणसाने हात टेकला की चेंडू सुटेपर्यंत हलायचं नाही. हलला तर पिवळा रुमाल, आणि अख्खी टीम पाच यार्ड मागे.

पुन्हा उभे राहिलो. पुन्हा बूट लागला, पुन्हा नमस्कार, पुन्हा रुमाल.

पाय लागला की नमस्कार करतात, हे मराठी वाचकाला मी काय सांगणार! आमच्या घरात तर माणूस, पुस्तक, धान्याचं सूप, कशालाही पाय लागला की हात कपाळाला गेलाच पाहिजे. नाही गेला तर आई नुसती बघायची. मोठी माणसं ‘असू दे, असू दे’ म्हणायची आणि विषय संपायचा. ही सवय माझ्या हाताला आहे, मला कुणी विचारत नाही. ब्राउनश्वाइगच्या ट्राममध्ये एकदा एका आजींना माझा पाय लागला. मी वाकून त्यांच्या बुटाला हात लावला, तर त्यांनी पर्स छातीशी धरली आणि पुढच्याच स्टॉपला उतरल्या.

प्रशिक्षकाने मला बाजूला घेतलं. ‘हेल्मेट टोचतंय का?’

‘या, या, हेल्मेटच,’ मी म्हणालो. ‘या’ म्हणजे जर्मनमध्ये ‘हो’.

दुसरं काय सांगणार? अंगावर येणाऱ्या माणसाला धडक मारून चिखलात पाडतो तेव्हा मला काही वाटत नाही, पण बुटाला बूट लागला की अपराध्यासारखं होतं? त्याने हेल्मेट बदललं. मग आणखी एक आणलं. त्यानंतर आणलेलं इतकं घट्ट होतं की माझे गाल नाकापाशी येऊन भेटले. नमस्कार काही थांबेना. शिट्टीवाल्याने रुमाल खिशात ठेवायचंच सोडून दिलं, तो हातात घेऊनच उभा राहायला लागला.

त्या संध्याकाळी खोलीत मी पलंगाच्या पायाला पाय लावून बसलो आणि उजवा हात डाव्याने घट्ट दाबून धरला. सराव! थोडा वेळ जमलं. मग डोळा चुकवून हाताने पलंगालाही नमस्कार केला.

शनिवारी जेवताना माझा प्रतिस्पर्धी ताट घेऊन समोर येऊन बसला. ‘आल्झो,’ म्हणजे ‘तर असं बघ’, तो म्हणाला, ‘वर्षभर मी बाकावर बसलोय. जागा मला हवीच आहे. पण तुझ्या हेल्मेटमुळे मिळालेली नको. ते नीट करून घे.’ आणि बटाटे खायला लागला. मला त्याचा राग आला, कारण रागवायला त्याने जागाच ठेवली नव्हती. वर्षभर बाकावर म्हणजे तोही कच्चं लिंबूच की. पण म्हणून मी माझी जागा सोडणार नव्हतो. दहावीपर्यंतचा माझा सगळा हिशेब बाकी होता.

रविवारी सामन्याला काकू आणि काका गाडी घेऊन आले, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन. पूर्वार्ध झकास गेला. आम्ही दोघे आळीपाळीने आत जात होतो. ओळ मोकळी होती, बूट लांब होते, मी रेडा सुटल्यासारखा सुटलो होतो. काकू बाहेरून ‘ढकल, ढकल त्याला!’ म्हणून ओरडत होत्या आणि काका त्यांचा कोट धरून उभे होते.

मग शेवटी आम्ही रेषेपाशी आलो. दोन पावलं उरली. प्रशिक्षक ओरडला, ‘आवळा!’ बूट भिडले. मी मुठीत गवत घट्ट धरलं. हात उठला तो गवतासकट उठला. सेंटरच्या पोटरीला चिखल लागला, माझ्या हेल्मेटला गवत. शिट्टी. रुमाल. पाच यार्ड मागे.

प्रशिक्षकाने बाकाकडे बोट केलं. मी बाहेर आलो आणि प्रतिस्पर्धी आत गेला. हेल्मेट काढलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते मी घाम म्हणून पुसलं. कच्चं ते कच्चंच, असं मनात आलं.

इकडे काकू पोट धरून हसत होत्या. ‘अरे ठोंब्या, नमस्कार करतोयस होय तिथे?’

‘अहो काकू, हळू बोला ना!’

‘हळू कशाला? चोरी आहे का?’ आणि त्या तरातरा प्रशिक्षकाकडे गेल्या. जर्मनमध्ये त्यांनी त्याला सगळा पाढा वाचून दाखवला: पाय, पोटरी, कपाळ, आणि न केल्यास आई कशी बघते, हेसुद्धा. काका शेजारी उभे राहून ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणत मान हलवत होते. त्यांना हे प्रशिक्षण लग्नानंतर लगेच मिळालं होतं.

प्रशिक्षकाने माझ्याकडे पाहिलं. ‘म्हणजे हेल्मेट ठीक होतं?’

‘या,’ मी म्हणालो.

‘पहिलंसुद्धा?’

‘या.’

त्याने कपाळाला हात लावला, पण तो नमस्कार नव्हता.

तोवर आतल्या ओळीने गेलेले यार्ड परत मिळवले होते. पुन्हा रेषा दोन पावलांवर, आणि शेवटची एक चाल उरली. आळीपाळीने जायचं ठरल्याप्रमाणे ती माझी होती. ‘जा आत,’ प्रशिक्षक म्हणाला. ‘पण नियम सगळ्यांना सारखा. रुमाल पडला तर जागा त्याची.’

काकूंचा आवाज मैदानभर पोचत होता. आत गेलो तर सेंटरने सगळं ऐकलं होतं. तो गणिताचा विद्यार्थी, त्याला भावना वगैरे कमी आणि तोडगे फार. तो म्हणाला, ‘हात टेकल्यावर हलायचं नाही. टेकायच्या आधी काहीही करायला परवानगी आहे. मग तू माफी आधीच मागून ठेव ना.’

हे मला सुचलं नव्हतं. पाय लागायच्या आधी नमस्कार! आईला चालेल का, कोण जाणे. मी वाकलो, सेंटरच्या पोटरीला हात लावला, कपाळाला लावला. डावीकडच्यालाही केला, कारण त्याचा बूटही लागणार होता. हे पाहून सेंटर म्हणाला, ‘माझाही तुला लागणारच आहे,’ आणि त्याने मला केला. मग उजवीकडच्याने सेंटरला केला. बघता बघता पाच अगडबंब माणसं ओळीत एकमेकांच्या पोटऱ्यांना हात लावून हेल्मेटला लावत होती. समोरचे गोंधळून ताठ उभे राहिले. शिट्टीवाला रुमाल वर धरून नियम आठवत होता.

मग आम्ही हात टेकले. बूट लागले, दोन्ही बाजूंनी. माझा हात जमिनीवर शहाण्यासारखा पडून राहिला, त्याचं काम झालेलं होतं. चेंडू सुटला. मी समोरच्याच्या खाली घुसलो आणि उठलो, तो त्याला घेऊनच उठलो. माझ्या मागून आमचा माणूस रेषेपलीकडे पळत गेला. आम्ही सगळे एकमेकांवर पडलो, मी सगळ्यात खाली, आणि तिथून मी इतका हसत होतो की वरचे सगळे हलत होते.

पुऱ्यांचा डबा फिरत असतानाच प्रशिक्षकाने जागा जाहीर केल्या. लेफ्ट गार्ड मी. काकूंनी टाळ्या वाजवल्या. मला नाचावंसं वाटत होतं आणि मी थोडा नाचलोही.

मग प्रतिस्पर्धी समोरून आला, आणि माझे पाय थांबले. तो माझ्याजवळ आला आणि त्याने आपला भलाथोरला बूट माझ्या बुटावर ठेवला. चुकून नाही, बघून, सगळा भार देऊन. मला चांगलंच लागलं. वर्षभराचं बाकावरचं बसणं त्या बुटात होतं. मी पाय तसाच राहू दिला, त्याला तेवढा हक्क होता.

मग त्याने पाय काढला. सावकाश वाकला, माझ्या पोटरीला हात लावला, आणि तोच हात कपाळाला. अगदी बरोबर, त्याच क्रमाने. ओठ आवळून धरले होते आणि डोळे लाल झाले होते.

मला जर्मन येत होतं, इंग्रजी येत होतं. पण त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा माझ्या तोंडून आजोबांसारखं निघालं, ‘असू दे रे, असू दे.’