देवरावजींच्या पाठीवरचा उंदीर

माझ्या कलेचं पहिलं जाहीर प्रदर्शन कळंबला भरलं, आणि ते बघायला जमलेल्या शे-दीडशे माणसांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं की आपण प्रदर्शन बघतोय.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. मी नागपूरच्या चित्रशाळेत जाहिरातकला शिकत होतो. घरच्यांच्या मते मी 'रंगाऱ्याचं शिकत' होतो. सरांनी एकदा वहीत लिहायला लावलं, 'तुमच्या चित्रांवर कोणाचा प्रभाव आहे?' वर्गातल्या पोरांनी पॅरिसच्या चित्रकारांची अशी नावं लिहिली की ती वाचताना सरांची जीभ अडखळली. मी खरं लिहिलं: काडेपेटीवरचा वाघ, जिनिंगात कापसाच्या गाठींवर पत्र्याच्या साच्यातून मारतात ते शिक्के, तांड्यावरच्या बायकांच्या घागऱ्यांवरचं आरशांचं भरतकाम, आणि आमच्या कळंबच्या चिंतामणी गणपतीपुढचा उंदीर. सरांनी शेवटच्या प्रभावाखाली लाल शाईने रेघ मारली. का, ते मला वर्षभराने कळलं.

कारण वर्षाच्या शेवटी जे काम मिळालं, त्यातही मी उंदीरच घेतला! लोकोपयोगी विषयावर तीन रंगांचं पोस्टर करायचं, स्क्रीन प्रिंटिंगने त्याच्या चाळीस प्रती काढायच्या, आणि सुट्टी संपली की आणून द्यायच्या. मी विषय निवडला धान्य खाणारे उंदीर. मजकूर स्वतःच रचला. वर 'धान्यचोर!' आणि खाली टोलेजंग अक्षरांत 'दिसताच झोडपा!' मधोमध उंदीर. पण काय सांगू, मी कसाही उंदीर काढला तरी तो पुढचे दोन पाय जोडूनच उभा राही! लहानपणापासून दुसरा उंदीर मी नीट पाहिलाच नव्हता. (घरातले बघायला मिळत, पण ते थांबत नसत.) कच्चं चित्र बघून सर म्हणाले, "अहो, याला झोडपायचंय. नैवेद्य नाही दाखवायचा."

मे महिन्यात सगळं सामान घेऊन मी घरी आलो. स्क्रीन म्हणजे लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं झिरझिरीत कापड. नको तिथली भोकं सरसाने बुजवायची, खाली कागद ठेवायचा, वर रंग ओतायचा आणि रबराच्या पट्टीने दाबून ओढायचा. दाब पडला की रंग कापडातून झिरपून कागदावर चित्र उमटतं. सोपं आहे. फक्त रंग पातळ करायला तेल लागतं. ते संपलं, तेव्हा मी आईच्या फडताळातलं जेवणातलं जवसाचं तेल ओतलं. जवसाचंच तर लागतं! पण ते रंगासाठी उकळून घ्यावं लागतं, हे ज्या दिवशी वर्गात शिकवलं त्या दिवशी मी सिनेमाला गेलो होतो.

परिणामी चाळीस पोस्टरं छापून झाली आणि एकही वाळेना. मे महिन्यात! आमच्याकडे त्या दिवसांत धुतलेलं धोतर पिळता पिळता वाळतं, आणि माझे उंदीर तीन दिवस ओलेच! बाजेवर उंदीर, दोरीवर उंदीर, देवघरासमोर उंदीर, धान्याच्या कोठीवर तर चार उंदीर.

"काय करून राह्यला बे हे?" आई रोज विचारायची. "घरात पाय ठेवाले जागा नाई ठेवली! मानसं कुठी झोपतीन?"

"दोन दिवस थांब न आई. माझे मार्क आहेत त्यात."

"तुह्ये मार्क चादरीवर उमटून राह्यले न पन!"

आता याच घरात, याच आठवड्यात, माझ्या ताईचं भवितव्य ठरायचं होतं. ताई शाळेत मास्तरीण. ट्रेनिंगला असताना पुसदच्या मधुकर मास्तरांशी तिची ओळख झाली होती. पुढे दोघांचं मनातून ठरलंही होतं, पण त्या काळात मनातून ठरलेलं मनातच ठेवून वरून 'स्थळ आलं' असं दाखवावं लागे. तसं ते रीतसर दाखवून झालं होतं. आता उरला होता एकच होकार, मधुकररावांच्या वडिलांचा. देवरावजी पुसदचे धान्याचे अडते. अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून भरभक्कम. आणि त्यांचं नाही म्हणजे नाही, ही त्यांची पंचक्रोशीत ख्याती. ते शुक्रवारी येणार होते.

ते गुरुवारी आले.

"म्हटलं आज चतुर्थी हाय," फाटकातूनच आवाज आला, "पोरगीबी पाहून घेतो अन् चिंतामणीचं दर्शनबी घेऊन टाकतो! एकाच मोटरीच्या भाड्यात दोन कामं!"

आमच्या घरात जी पळापळ झाली ती शब्दांत सांगता येत नाही. आईने लुगड्याचा पदर खोचला. बाबा देवरावजींना अंगणातच थोपवून धरायला धावले आणि आठ मिनिटं त्यांना आमच्या विहिरीबद्दल सांगत राहिले. (आमची विहीर तेव्हा कोरडी होती.) मी उंदीर गोळा करून स्वयंपाकघरात नेत होतो. ताई दाराआडून कुजबुजली, "दिगू, आज काई उलटंसुलटं झालं न, तं तुह्या कातडीची चौकट बनवीन मी!"

स्वयंपाकघरात मोजले. एकोणचाळीस.

पुन्हा मोजले. एकोणचाळीसच. बाहेर डोकावलो तर देवरावजी बैठकीत गादीवर बसलेसुद्धा होते, तक्क्याला टेकून, पांढराशुभ्र परीटघडीचा सदरा घालून. म्हटलं, जाऊ दे, असेल कुठेतरी.

बैठक रंगली. देवरावजी गप्पिष्ट माणूस. अडतीवरचा एकेक किस्सा सांगावा आणि मागे रेलून असं हसावं की तक्क्या भिंतीत घुसावा! ताई पोहे घेऊन आली. त्यांनी तिला शाळेबद्दल विचारलं, तिने न लाजता उत्तरं दिली, ते पुन्हा मागे रेलून खदाखदा हसले. बाबांचा चेहरा खुलत चालला होता. तेवढ्यात मला चाळिसावा उंदीर आठवला, आणि मी बाबांच्या कानात विचारलं, "बाबा, तक्क्यावर वाळत घातलेलं माझं पोस्टर कुठंय?"

"कुठी असनार? तक्क्यावरच," बाबा समाधानाने पुटपुटले. "याहिले आत आनताना दिसलं, उचलाले वेळ नोयता. वरून माह्यं मलमलचं जुनं धोतर टाकून देल्लं. दिसते का कुठी?"

झिरझिरीत कापड, त्याच्याखाली ओला रंग आणि वरून दाब! वर्षभर नागपूरला पैसे भरून मी जे शिकलो, ते बाबांनी एका क्षणात तक्क्यावर उभं केलं होतं. आणि रबराच्या पट्टीऐवजी साक्षात देवरावजी!

"मले वाटते," देवरावजी म्हणाले, "पोरीचं काय थे चिंतामणीपुढंच सांगतो. चला!"

आणि ते उठले. पाठ फिरवली.

आईच्या हातातली कपबशी खाली पडली. पांढऱ्या सदऱ्यावर, खांद्यापासून कमरेपर्यंत, माझा उंदीर हात जोडून उभा होता. काळाभोर! डोळे लाल! खालीवर अक्षरं. उलटी उमटली होती म्हणून वाचता येत नव्हती एवढीच देवाची कृपा. आणि खोटं कशाला बोलू, त्या भयंकर क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं, चाळीस कागदांवर इतका छान ठसा एकदाही आला नव्हता!

"काय झालं जी?" देवरावजी वळले.

"काई नाई, काई नाई!" बाबा म्हणाले. "थे... शाल! शाल पांघरा न जी, बाहेर..."

"मे महिन्यात शाल?"

"मानाची! पाहुन्याले देतो आमी!"

"मान पोचला जी तुमचा. उष्माघात होईन मले."

निघालो. मी त्यांच्या मागे इतका चिकटून चालत होतो की ते दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा मी त्यांच्यावर आदळलो. "हे पोट्टं काहून आंगावर येऊन राह्यलं?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "लळा लागला जी त्याले तुमचा."

चतुर्थीची गर्दी. आमचा चिंतामणी खाली, पायऱ्या उतरून. पायऱ्यांवर रेटारेटीत मी मागे फेकला गेलो, दर्शन घेऊन वर येताना तर चार-पाच पायऱ्या खाली राहिलो, आणि देवरावजींची पाठ बरोबर लोकांच्या तोंडासमोर आली. मी डोळे मिटले. आता कोणीतरी हसणार, मग सगळे हसणार, मग लग्न मोडणार, मग ताई चौकट करणार!

हसण्याऐवजी आवाज आला, "आता गं माय!"

डोळे उघडले. एक म्हातारी देवरावजींच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावत होती. कपाळावर काळा टिळा उमटला. "मूषकराज प्रकटले वो!" ती ओरडली. "अन् काईतरी लिवलं हाय पाहा!"

"संस्कृत हाय थे," मागचा एकजण ठामपणे म्हणाला.

"संस्कृत नाई, मोडी," दुसरा म्हणाला. "माह्ये आजोबा असंच लिवत."

मग काय! पायऱ्यांवर रांग लागली. कोणी पाठीला हात लावतोय, कोणी कपाळ टेकवतोय. एका बाईने तर ताटातलं कुंकू उंदराच्या डोक्यावर लावलं आणि अक्षताही टाकल्या. जवसाचं तेल ते! एक दाणा खाली पडला नाही. गोंगाटात देवरावजींना कोणाचं बोलणं कळेना; ते वळून बघत, तर मागची माणसं हात जोडून उभी! पुन्हा चालू लागत, पुन्हा पाठीवर थाप.

"काहो," त्यांनी बाबांना हळूच विचारलं, "तुमच्या गावात पाहुन्याच्या असं पाया पडतेत का?"

बाबा म्हणाले, "चतुर्थीले पडतेत जी."

देवरावजींची छाती फुगली. (त्यासरशी पाठीवरचा उंदीरही रुंद झाला.) पुसदेत जन्म गेला, पण नमस्कार म्हणून माणसं तिथे फक्त भावाची घासाघीस सुरू करत. इथे म्हाताऱ्या बायका डोकं टेकवत होत्या! वर पोचल्यावर ते देवळाकडे वळले, हात जोडले आणि म्हणाले, "चिंतामणीच्या साक्षीनं सांगतो. पोरगी पसंत! ज्या गावचे लोक असे, त्या गावची पोरगी कशी असन!"

बाबांनी माझा हात इतक्या जोरात दाबला की दोन दिवस मला ब्रश धरता आला नाही. झालं होतं! जमलं होतं! आता फक्त मोटरस्टँडपर्यंत त्यांना न्यायचं, गाडीत बसवायचं आणि पुढे पुसदेत काय होईल ते होईल.

"एक पान खाऊन घेतो," देवरावजी म्हणाले.

पानठेल्यावर आरसा होता. असतोच. आरशात माणूस समोरून दिसतो, म्हणून मी निर्धास्त होतो. पण ठेलेवाला चुना लावता लावता म्हणाला, "दादाजी, पाठीवर काय छापून आनलं जी? नवीन कंपनी हाय का कोनती?"

देवरावजींनी पाठ आरशाकडे केली. मान वळवून खांद्यावरून पाहिलं.

उलटं छापलेलं आरशात सुलटं दिसतं. हा धडा मात्र मी वर्गात हजर राहून शिकलो होतो.

"धा... न्य... चो... र," पुसदच्या नामांकित अडत्यांनी स्वतःची पाठ मोठ्याने वाचली. मग डोळे बारीक केले. "दि... स... ताच... झोडपा."

ठेलेवाल्याच्या हातातलं पान तसंच राहिलं. रस्त्यावरचं एक कुत्रंसुद्धा थांबल्यासारखं मला वाटलं. देवरावजींचा चेहरा आधी पांढरा, मग लाल, मग माझ्या तिसऱ्या रंगासारखा जांभळा झाला.

"हे कोनाचं काम?"

बाबांनी एक पळही न दवडता माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांचा एकुलता एक मुलगा मी!

"मीच," मी म्हणालो. "काकाजी, चूक माझी. ताईला काही माहीत नाही. तुम्ही मला इथंच झोडपा, पण तिचं मोडू नका."

देवरावजींचा जबडा हलत होता, बहुतेक मनातल्या मनात मला झोडपणं चालू असावं. मग म्हणाले, "चिंतामणीपुढं शब्द देऊन बसलो बे मी. पाच मिनिटं आंधी आरसा भेटला असता न..." बाबांनी आपला सदरा उतरवून त्यांना दिला. तो त्यांच्या पोटाच्या मध्यावर संपला आणि ते तसेच, ताठ मानेने, मोटरीत चढले.

लग्न झालं. थाटात झालं. ताई आणि मधुकरराव सुखाने नांदले, शाळेत दोघं जोडीने जात. मांडवात शिरताना फक्त माझेच हात उलटसुलट करून तपासले गेले, तेही तीनदा.

देवरावजी पुढे बरीच वर्षं होते. आमच्याकडे येत, जेवत, किस्से सांगत, हसतसुद्धा. पण भिंतीपासून चांगले हातभर पुढे सरकून बसत. आणि निघायची वेळ झाली की माझ्यावर नजर रोखून, एकेक पाऊल मागे टाकत, उलटे चालत दाराबाहेर जात. ते बघून शेजारच्या बायका आईला म्हणत, "पाहा वो, केवढा मान देतेत तुमच्या पोराले! राजाच्या दरबारातून निंगावं तसे निंगतेत!"

असा मान मला नंतर कुठल्याही चित्राने मिळवून दिला नाही.