उसवायचा रविवार

नळवाल्याचं एक ठरलेलं म्हणणं होतं, आणि समोरच्याला ऐकायचं असो वा नसो, तो ते ऐकवायचाच. जे उघडता येतं ते परत बसवता येतं. उघडताना घाई करायची नाही, एवढंच. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरायचं, निघेल तो भाग ओळीने मांडायचा, आणि बसवताना त्याच ओळीने उलटं यायचं. एवढ्या अकलेवर त्याने बायको-पोरींचं पोट भरलं होतं. कोणाच्या स्वयंपाकघरात पाणी तुंबून तळं झालेलं असो, हा पाना घेऊन दारात उभा राहिला की घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा.

बायको मात्र त्याची फिरकी घ्यायची. कढईच्या काठावर अंडं फोडून म्हणायची, "घ्या, बसवा आता परत." पोरी खिदळायच्या. "अंडं माझ्या खात्यात येत नाही," तो म्हणायचा आणि ताट पुढे करायचा.

तिचं खातं लोकरीचं. घरातला एकूण एक स्वेटर तिच्या हातचा, आणि तोही एकदाच विणून संपलेला नव्हे. पोरी वाढायच्या, बाह्या मनगटाच्या वर जायच्या, मग दरवर्षी थंडीच्या तोंडावर एका रविवारी ती घरातले सगळे स्वेटर काढायची आणि उसवायची. हो, सगळे! सुरुवात स्वतःच्या स्वेटरपासून. तिची लोकर थोरलीला, थोरलीची धाकटीला, नवऱ्याच्या पाठीतली कुठे कुठे, आणि वर नवी एक लड, जो रंग मिळेल तो. त्यामुळे त्या घरात कुठलाच स्वेटर एका माणसाचा नव्हता. धाकटीच्या गळ्याशी बापाची निळी लोकर, बापाच्या कोपरावर आईची लाल. शेजारणी म्हणायच्या, काय बाई, विणलेलं उसवायला जीव कसा होतो तुझा? ती म्हणायची, मला येतंय ना परत विणता, मग जीव कशाला अडकवू?

त्या रविवारी स्वयंपाकाला फाटा. मोठ्या पातेल्यात सालासकट बटाटे उकडायचे, मीठ आणि लोणी मध्ये ठेवायचं, ज्याला जमेल तसं त्याने सोलून खायचं. ती खिडकीपाशी बुटक्या स्टुलावर बसायची आणि समोर एक पोरगी मांडी घालून, दोन्ही हात पुढे ताठ धरून. उसवलेला धागा त्या हातांवर गुंडाळत जायचा, त्याची लड व्हायची. मग लडी कोमट पाण्यात धुवायच्या, ओल्या लडींना खाली वजन बांधून टांगायच्या, म्हणजे लोकरीचा कुरळेपणा जातो. वजन म्हणून नळवाल्याचे जुने पितळी कॉक. त्या घरात त्याचं आणि तिचं खातं जमायचं ते तेवढ्यापुरतं.

मग ती आजारी पडली. आजाराचं नाव सांगून काय उपयोग, वाईटच होता. दवाखान्याच्या खाटेवर उशीला टेकून ती थोरलीसाठी एक बाही विणत होती, नव्या लडीची, निळी. कोपरापर्यंत आली, आणि मग तिला सुई धरवेना. "पिशवीत ठेवा," ती म्हणाली. "टाके सुयांवरच राहू द्या, काढू नका." थोड्या वेळाने परत म्हणाली, "अहो, घर बंद पडल्यासारखं वाटू देऊ नका हो पोरींना."

"एकही गोष्ट बंद पडू देणार नाही," नळवाला म्हणाला. हे त्याने तिला दिलेलं शेवटचं वचन.

ती गेली. पिशवी दाराआडच्या खिळ्याला लटकली, आणि नळवाल्याने कंबर कसली.

आणि कसली म्हणजे कशी! पहाटे उठून तो पोरींच्या वेण्या घालायचा. त्या इतक्या घट्ट पडायच्या की धाकटीच्या भुवया वर ओढल्या जायच्या. भात करायचा, तो खाली लागायचा. सूप करायचा, ते पोरी मुकाट पोटात ढकलायच्या. धाकटीला सगळे ठमी म्हणत. ती बालवाडीतली, चमचा वाटीत फिरवत विचारायची, "आईचं असं का नव्हतं?" थोरली टेबलाखालून तिला पाय मारायची. थोरलीला सगळं कळत होतं, आणि म्हणूनच ती रडत नव्हती. बापापुढे रडायचं नाही असं तिने स्वतःशीच ठरवून टाकलं होतं. तो रात्रंदिवस एकच बघायचा, बायको होती तेव्हा जे जे व्हायचं ते होतंय का. फुलझाडाला पाणी, शनिवारी नखं, दुधावरची साय वेगळी. सगळं चालू. बंद काही नाही.

थंडी आली. ठमीचा स्वेटर बेंबीपर्यंत आखडला.

पोरींची मावशी, म्हणजे बायकोची सख्खी धाकटी बहीण, अधूनमधून डबा घेऊन यायची. ती म्हणाली, "भाऊजी, बाजारातून दोन चांगले आणा ना. कशाला अडून बसलाय?"

"बाजारातला या घरात कधी आलाय का?" तो फटकन म्हणाला. मावशीने डबा उघडायला घेतला.

पण खरी भुणभुण ठमीची होती. "बाबा, उसवायचं कधी?" सकाळी तेच, जेवताना तेच, झोपताना तेच. "बाबा, थंडी आली, उसवायचं ना?" पोरीला इतकी कसली घाई आहे हे त्याने एकदा विचारायला हवं होतं. नाही विचारलं. त्याला वाटलं, पोरीला आईची रीत आठवतेय. आणि त्याला इतकं बरं वाटलं की त्याने रविवार ठरवूनच टाकला.

थोरली म्हणाली, "बाबा, पण विणणार कोण?"

"मावशी आहे की. सख्ख्या बहिणी त्या, एका आईच्या हाताखाली वाढलेल्या. आणि तुलाही थोडं येतं ना?"

"मला नुसत्या सरळ ओळी येतात. टाके आईच घालून द्यायची."

"मग झालं तर! आधी उघडू तर दे. जे उघडतं ते बसतं."

आता या माणसाला काय म्हणावं! मावशीला एका शब्दाने विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण पाइप जोडणाऱ्याला सगळ्या जगाला आटे असतात असंच वाटतं. त्याने वर्तमानपत्र अंथरलं.

पहिला तिचाच स्वेटर. रीतच तशी होती. थोरलीने तो कपाटातून आणला, पण हातातून सोडेना. "आईचा राहू दे ना बाबा."

"आई पहिला कोणाचा उसवायची?"

"स्वतःचा."

"मग?"

थोरलीने दिला. गळ्याच्या काठाची गाठ त्याने छोट्या कात्रीने कापली, धागा ओढला, आणि ओळीमागून ओळ सरसर निघत गेली. त्याच्या हाताच्या भेगांत लोकर अडकायची, तो शिव्या घालायचा, पोरी हसायच्या. हो, हसल्या! आई गेल्यापासून पहिल्यांदा त्या घरात पोरी मोठ्याने हसल्या. थोरलीने हात ताठ धरले, तो धागा गुंडाळू लागला, तर लड अशी झाली की त्यातून पोरीचे हात सुटेनात. ठमी गडाबडा लोळली. मग त्याचा स्वेटर निघाला, मग थोरलीचा, मग ठमीचा. पाठ, पोट, बाह्या, सगळ्याच्या लडी ओळीने वर्तमानपत्रावर. बटाटे फुटून त्यांचा लगदा झाला होता, तो त्यांनी चमच्याने खाल्ला आणि आजवर इतके चांगले बटाटे खाल्ले नाहीत असं तिघांनी ठरवलं. नळवाल्याला वाटलं, जमलं. बघ गं, जमलं.

दुपारी थोरली न्हाणीत लडी धूत होती, तो पितळी कॉक शोधत होता, तेवढ्यात ठमी पळत आली. तिच्या मुठीत एक छोटासा वेडावाकडा गुंडा, धागा कुरळा, न धुतलेला.

"हा मी केला! एकटीने!"

"शाब्बास रे माझ्या पठ्ठ्या!" तो म्हणाला. रंगबिंग बघण्याइतकं भान त्याला नव्हतं. पोरीचं मन राखायला त्याने तो गुंडा ओळीच्या शेवटी ठेवला आणि परत कॉक शोधायला वाकला.

लडी वाळल्या, त्यांचे गुंडे झाले आणि टोपलीत विराजमान झाले. पुढच्या रविवारी मावशी डबा घेऊन आली. नळवाल्याने पाहुणीला चहा द्यावा तशी ती टोपली तिच्यापुढे ठेवली.

मावशी आधी हसली. मग तिने एक गुंडा उचलला, लाल, आणि तिचं तोंड उतरलं.

"हा अक्काचा स्वेटर?"

"हो. सगळेच आहेत. तू म्हणशील तशी सुरुवात करू."

"भाऊजी, मला विणता येत नाही."

तो हसला. त्याला थट्टाच वाटली.

"खरंच सांगते. लहानपणी आईने शिकवायला घेतलं होतं, मी सुया फेकून पळायचे. अक्का बसायची. दोघींत तिचाच हात चालायचा." ती गुंडा हातात तसाच धरून बोलत होती. "अहो, मला वाटलं एखादा तरी आठवण म्हणून ठेवला असेल तुम्ही. ती गेल्यावर मला एक मागायचा होता. म्हटलं, इतक्यात कशाला तोंड उघडू."

नळवाल्याने टोपलीकडे बघितलं. टोपलीत लोकर होती तेवढीच, एक धागा वाया गेला नव्हता. सगळे भाग ओळीने होते. आणि बायकोच्या हातचा एक टाकासुद्धा त्यात नव्हता. वर्षानुवर्षं ती संध्याकाळी बसून जे करत होती, ते त्याने एका रविवारी हसत हसत, पोरींना बटाटे भरवत, स्वतःच्या हाताने नाहीसं केलं होतं. आजाराने तिला नेलं ते नेलं, पण हे आजाराने केलेलं नव्हतं. हे त्याने केलं होतं. तिथेच फरशीवर पडून राहावं आणि परत उठूच नये, असं त्याला वाटलं.

"विणायला बाहेर देता येईल," मावशी हळूच म्हणाली. "चांगलं विणणाऱ्या बायका मिळतात."

"मग ते त्यांचं होईल," थोरली म्हणाली. एवढंच म्हणाली आणि बापाकडे बघितलं नाही.

तेवढ्यात त्याला आठवलं. दाराआडची पिशवी!

"थांबा, थांबा," तो उठलाच. "ती बाही आहे ना! कोपरापर्यंत आलेली, टाके सुयांवर आहेत तसेच. थोरले, तुला सरळ ओळी येतात, टाके घातलेलेच आहेत, तू तिथून पुढे चालू कर. ती बघून बघून बाकीचं मी शिकतो. कसं बसवलंय ते एकदा दिसलं की मला जमतं. आईने सोडलं तिथून, बरोबर तिथून चालू करायचं!"

थोरलीचा चेहरा उजळला. कितीतरी महिन्यांनी तो असा उजळला होता. ती बापाच्या आधी दाराशी पोचली, पिशवी काढली, हात घातला.

पिशवीतून दोन सुया निघाल्या. नुसत्या.

थोरलीने पिशवी उलटी केली, झटकली, आतून बाहेर काढून बघितली. नळवाला टोपलीकडे वळला. अगदी तळाशी तो वेडावाकडा गुंडा होता. निळा. धागा अजून कुरळा होता.

"तो माझा!" ठमी म्हणाली. "पिशवीतला एकच राहिला होता ना, तो कोणीच उसवत नव्हतं. मग मी उसवला."

थोरली भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली, इतके महिने साठवलेलं सगळं रडू लागली, आणि तिला जवळ घ्यायला बापाचे हात उचलेनात. मावशी उठून तिच्याजवळ गेली.

ठमीला कोड्यात पडल्यासारखं झालं. तिने सगळ्यांची तोंडं बघितली. शाबासकी कोणी देईना.

"बाबा, आता झालं ना सगळं?" तिने विचारलं. "आता एक पण नाही राहिला. सगळं उसवलं की आई विणायला बसते."

उसवायचं कधी, उसवायचं कधी, म्हणून पोरगी का मागे लागली होती ते नळवाल्याला आत्ता कळलं.

ठमीने त्याच्या उत्तराची वाट बघितली नाही. तिने टोपली ओढत ओढत खिडकीपाशी नेली, बुटक्या स्टुलाशेजारी ठेवली, सुया वर नीट मांडल्या. मग स्टुलासमोर मांडी घालून बसली आणि दोन्ही हात पुढे ताठ धरले. हात भरून आले तरी तिने ते खाली घेतले नाहीत.