सुन्याचा आवाज

ती कॅसेट काढायला चार पोरांनी बारावीच्या क्लासची सगळी फी घातली होती, घरी न सांगता. आता ज्याला पॉप-पंक म्हणतात, तसली दणदणीत गाणी.

त्यातला ड्रमवाला सुन्या भूकंपात गेला. त्याची आई आज लातूरला माझ्या कॅसेटच्या दुकानात आली. "त्याचा आवाज हाय का ह्यात?"

सुन्या गायचा नाही. पण मंडळी, प्रत्येक गाण्याआधी तोच ओरडायचा, "एक, दोन, तीन, चार!" तेवढंच ऐकवलं.

"पाढेबी असेच म्हणायचा, मागं कुत्रं लागल्यागत," माय म्हणाली. "पुन्हा लाव."

मला राहवलं नाही. "माय, दुकानातल्या टॉप टेनच्या पाटीवर तीन आठवडे एक नंबरला होती ही कॅसेट!"

तिनं डोळे पुसले. "मग लई खपली असंल?"

"हाव," म्हणालो.

पाटी मीच लिहायचो. कॅसेट खपल्या होत्या सहा.