वामीची अंडी

मासोळीच्या पोटात काय निघेल, हे रंभा चिरण्याआधीच सांगायची. वैनगंगेकाठच्या ढिवराच्या घरातली ती. तीस वर्षं आरमोरीच्या बाजारात मासे विकत आलेली. रोहू, मरळ, अगदी काट्याची वाम, साऱ्यांची अंडी तिनं पाहिली होती. फक्त सापासारखी लांब, गुळगुळीत मोठी वाम चिरली की आत कधी एक अंडंही निघत नसे. मग हिची पिल्लं येतात कुठून? नवरा लालसू म्हणे, चिखलातून उपजत असतील. रंभाला ते पटत नव्हतं.

चंद्रपूरच्या कॉलेजात माशांचा अभ्यास करणारी शाजिया एकदा बाजारात आली, तेव्हा रंभानं तिलाच गाठलं.

"बाई, इच्या पोटात अंडे काऊन नाई राहत?"

शाजिया तिच्या पाटीशेजारी फतकल मारून बसली. तिनं सांगितलं की ही वाम अंडी घालायला नदी सोडून समुद्रात जाते. तिची पिल्लं, वैनगंगेचं पाणी शेवटी जिला मिळतं त्या गोदावरीच्या मुखाशी खाडीत येतात, खारफुटीच्या जंगलात आसरा घेतात आणि मग उलट्या धारेनं वर चढत इथपर्यंत पोचतात. समुद्रात ती नेमकी कुठं अंडी घालते, ते अजून कोणालाच नीट ठाऊक नाही.

रंभाला ही थट्टाच वाटली. "मले दाखवा," ती म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात शाजिया खाडीवर कामाला निघाली, तेव्हा रंभाला सोबत घेऊन गेली. शाजियाचं आजोळ सिरोंचाचं, त्यामुळं तिला खाडीकडची तेलुगू येत होती. तिकडं चिखलात मुळांच्या काठ्या रोवून उभी झाडं पाहून रंभा थबकलीच. तिनं पाणी बोटानं चाखलं, मुळं चाचपून पाहिली. एका कोळिणीनं परातीत पाणी घेऊन त्यात जाळं झटकलं. त्यात काचेच्या दोऱ्यासारखं काहीतरी वळवळत होतं. दिसत होते ते फक्त डोळ्यांचे दोन काळे ठिपके. रंभा कितीतरी वेळ परातीजवळून उठली नाही.

खाडीच्या पल्याड झाडं तोडून झिंग्यांची चौकोनी तळी खणली होती. पूर्वी तिथंही जंगल होतं, असं कोळीण सांगत होती. आता वादळाचा वारा थेट घरांवर येतो, आणि वामीची ही पिल्लंही कमी झाली. लालसूच्या जाळ्यात वाम कमी का लागते, याचा दोष रंभानं आजवर नदीच्या वरच्या अंगाच्या गावातल्या जाळ्यांना दिला होता. शाजियानं मात्र सांगितलं की कारण एकच नाही, वाटेत बंधारेही आहेत.

गावी परतल्यावर मच्छीमार संस्थेच्या बैठकीत रंभानं सारं सांगितलं. इतक्या लांबच्या जंगलाशी आपला काय संबंध, असं कोणीतरी विचारलं.

"आपली मासोळी तिथी वाढून इथी येते," रंभा म्हणाली. "ते जंगल गेलं, तं आपल्या जाळ्यात काय येईन?"

बराच वाद झाला. शेवटी वीतभराहून लहान वाम पाण्यात परत सोडायची, असं ठरलं. खाडीवरच्या कोळ्यांनी जंगल वाचवण्यासाठी सरकारकडं दिलेल्या अर्जाला जोडायला संस्थेनं आपलंही पत्र पाठवलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

पावसाळा सरताना गावाजवळच्या बंधाऱ्याच्या भिंतीखाली, वर चढता न आल्यानं, पेन्सिलीएवढ्या वामी अडकलेल्या दिसल्या. रंभानं ओल्या फडक्यानं त्या बादलीत भरल्या. लालसूनं बादली उचलली आणि दगडांवर पाय जपून टाकत तो भिंतीच्या वरच्या अंगाला चढला.