आधी सोजरामावशीला विचार

कुरुळीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला खाट हवी असो, कूलर हवा असो नाहीतर शेगडी, त्याला एकच उत्तर मिळायचं, "आधी सोजरामावशीला विचार." दुकान शोधत हिंडू नको, मावशी ओट्यावर बसलेली असेल, तिला विचार.

सोजराबाईंची जमीन कंपनीत गेली आणि आलेल्या पैशांतून त्यांच्या यजमानांनी, सोपानरावांनी पत्र्याच्या खोल्यांची चाळ बांधली. चाळ बांधून सोपानराव जे खाली बसले ते पुन्हा कामाला उठले नाहीत. भाडं गोळा करणं, नळ सोडणं, भांडणं लावणं आणि सोडवणं ही सगळी खाती सोजराबाईंकडे आली. भाडेकरू सगळे कंपनीतले. बीड, लातूर, नांदेड, कुठून कुठून एक पिशवी घेऊन यायचे, हळूहळू संसार जमवायचे आणि कंत्राट संपलं की तो इथेच टाकून पुढे जायचे. एकाचा संसार उठायचा तेव्हा शेजारी दुसऱ्याचा मांडला जात असायचा. या दोघांच्या मध्ये सोजराबाई.

पण विचारलं आणि मिळालं, असा सोपा कारभार नव्हता. आधी उलटतपासणी व्हायची.

"मावशी, कूलर पाहिजे होता."

"कंच्या खोलीत? वरल्या? तितं दुपारचं पानी येत न्हाई, कूलरात घालनार काय, चा? रातपाळी हाय न्हवं तुझी? मंग पलीकडचा रोहिदास गावी चाललाय, त्याचा मोठा पंखा घे. आवाज करतोय, पन तू बी घोरतोसच."

तो पंखा घेऊन जायचा आणि त्याला खरंच झोप लागायची. या कामाचं सोजराबाईंनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही. त्यात साधुत्व नव्हतं. कोण आलं, कोण चाललं, कुणाचं बायकोशी बिनसलं, कुणाला जेजुरीकडे पर्मनंट लागलं, हे ओट्यावर बसून कळत होतं आणि त्यासारखं सुख त्यांना दुसऱ्या कशात नव्हतं. घर भाड्यावर चालायचं, सोजराबाई चालायच्या त्या विचारणाऱ्यांवर. ज्या दिवशी कुणी काही विचारायला आलं नाही त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही, आणि मग त्या सोपानरावांना जेवू द्यायच्या नाहीत.

अशा सुखी संसारात नवनाथने मोबाइल आणला. म्हणजे मोबाइल सगळ्यांकडेच होता, पण त्याच्या मोबाइलमध्ये 'शेजारबाजार' होता. नवनाथ बीडकडचा, मधल्या खोलीतला भाडेकरू, नवं काही निघालं की चाळीत आधी त्याच्याकडे दिसायचं.

"मावशी, हे बघा. खाट म्हणून टाकलं की आपल्या कुरुळीतल्या सगळ्या खाटा दाखवायलंय. फोटो, नंबर, सगळं. फुकट!"

"खाटंला ढेकनं हायती का, ते दावतंय का?"

"ते नाही दाखवत."

"मंग ठेव खिशात."

पण खरं ते खरं. सुरुवातीला शेजारबाजार चांगलाच होता. जे टाका ते सापडायचं, जवळचं आधी दिसायचं आणि विकणारा हाकेच्या अंतरावर असायचा. माणसं ओट्यासमोरून मान खाली घालून, बोटाने मोबाइल सरकवत जाऊ लागली. सोजराबाई मुद्दाम खोकायच्या. कुणी वर बघायचं नाही. त्या काळात सोपानरावांचे फार हाल झाले.

मग शेजारबाजाराला बाळसं आलं आणि बाळसं आल्यावर भूक लागली. जो पैसे भरेल त्याची वस्तू वर आणि जो भरणार नाही त्याची इतकी खाली, की बोट सरकवून सरकवून कातडं जावं. जुनं टेबल शोधलं की आधी रावेतचे फ्लॅट, मग बिनव्याजी मोबाइल, मग केस गळण्यावर तेल, आणि त्यानंतर टेबल, तेही नवं कोरं. नवनाथने चिकाटीने एक जुनं टेबल शोधलं, ते देहूरोडला निघालं. छोटा हत्ती टेम्पो करून तो ते घेऊन आला. दारात उतरवत होता तेव्हा भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "कशाला आणलंस रे? माझं टेबल मी महिनाभर टाकून ठेवलंय त्याच्यावर. तुला दिसलं नाही?"

दिसणार कसं? त्याने पैसे भरले नव्हते. दोन टेबलं, मध्ये एका विटेची भिंत, आणि दोघेही मोबाइलमध्ये एकमेकांना शोधत बसलेले.

ही गोष्ट सोजराबाईंनी पाणी भरायला आलेल्या प्रत्येक बाईला सांगितली, काहींना दोनदा. माणसं ओट्याकडे परत वळली. गर्दी आधीपेक्षा वाढली. आणि जिथे गर्दी तिथे मारुतराव येणारच.

मारुतरावांचं चाकण रस्त्याला फर्निचरचं मोठं दुकान. माणूस गोड, इतका की त्याच्यापासून मुंग्यांनीसुद्धा लांब राहावं. येताना ते एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले. "मावशी, तुम्ही जमिनीवर बसता, आमच्या जिवाला बरं वाटत नाही. बसा. काही द्यायचं नाही. फक्त कुणी खाटबीट विचारली तर आपलं दुकान ध्यानात असू द्या."

सोजराबाई बसल्या. एखाद्याला सांगितलं तर काय बिघडतं? पुढच्या वेळी आरशाचं कपाट आलं. त्याच्या पुढच्या वेळी आली चाकाची खुर्ची, साहेब लोक बसतात तसली, गोल फिरणारी. ओट्याला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला, त्यामुळे ती खुर्ची बसल्या बसल्या गटाराकडे निघायची. सोजराबाई एक पाय खांबाला लावून बसायच्या, पण उठायच्या नाहीत.

आणि इथेच त्यांचं बिघडलं. पूर्वी माणसाने तोंड उघडलं की त्या प्रश्न विचारायच्या. आता तोंड उघडायच्या आत उत्तर तयार असायचं.

"मावशी, एखादा जुना कूलर..."

"मारुतरावाकडं जा."

"मारुतराव कूलर ठेवत नाहीत, मावशी."

"कपाट ठिवत्यात. चांगलं हाय."

शेजारबाजारात नि ओट्यात आता फरक एवढाच राहिला, की ओट्याला चार्जिंग लागत नव्हतं. रोहिदास गावाहून परतला, त्याला एक साधी खाट हवी होती. सोजराबाईंनी त्याला मारुतरावांकडे पाठवलं आणि मारुतरावांनी त्याच्या गळ्यात पेटीचा डबल बेड बांधला. रोहिदास एकटा. खोली दहा बाय दहा. दार त्याहून कोतं. आडवा करून झाला, उभा करून झाला, दाराची चौकट काढायची भाषा झाली, पण बेड काही आत जाईना. शेवटी तो अंगणातच राहिला. त्याच्यावर चाळीतल्या बाया कुरडया वाळत घालू लागल्या आणि पेटीत कुणाच्या तरी कोंबडीने अंडी घातली. रोहिदास खोलीत चटईवर झोपायचा आणि सकाळी स्वतःच्या बेडकडे बघत दात घासायचा. त्याने तक्रार केली नाही. तो फक्त पुन्हा काही विचारायला आला नाही, आणि त्याच्या मागोमाग कुणीच आलं नाही.

सोजराबाई गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसून चारी दिशांना बघत राहिल्या. आता खोकूनही उपयोग नव्हता.

त्यातच नवनाथच्या बायकोला, तेजस्विनीला मुलगी झाली. बारसं तोंडावर आलं आणि घरात पाळणा नाही. पोर व्हायच्या आधी पाळणा घ्यायचा नसतो, म्हणून घेतला नव्हता. नवनाथ शेजारबाजार उघडून बसला. पाळणा टाकल्यावर आधी रावेतचं पाळणाघर आलं, मग जत्रेत भाड्याने मिळणारा मोठा आकाशपाळणा, चालकासह. त्यानंतर केसांचं तेल.

दोन दारं सोडून नवरा-बायकोचं हे बोलणं सोजराबाईंच्या कानावर पडलं. पाळणा कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. समोरच्या चाळीत जाईबाईच्या माळ्यावर. सागवानी, चार पोरं आणि नातवंडं त्यात वाढलेली, एकाला साधा गोवरसुद्धा नाही. फक्त अडचण अशी, की जाईबाई ही सोजराबाईंची थोरली चुलत जाऊ, आणि सांडपाणी कुणाच्या बाजूने सोडायचं यावरून दोघींचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. जाईबाईचं नाव सोजराबाई तोंडाने घेत नसत, हनुवटीने दाखवत.

पण पोरीच्या पाळण्याचा प्रश्न होता. त्या तेजस्विनीच्या दारात गेल्या आणि सगळं बळ एकवटून म्हणाल्या, "पोरी, नवा घिऊ नगंस. ज्यात पोरं वाढली असा पाळना घ्यावा. जाईबाईकडं हाय. मागून घे."

तेजस्विनीने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. ती मुलगी भांडखोर नव्हती, उलट फार मायाळू होती, म्हणूनच तिने अगदी सरळपणे विचारलं, "मावशी, जाईबाईंनी काय कबूल केलंय तुम्हाला?"

शिवी दिली असती तर सोजराबाईंना दोन परत देता आल्या असत्या, पण हा प्रश्न रास्त होता. त्या ओट्यावर येऊन बसल्या, खुर्चीत नाही, जमिनीवर, आणि पदर डोळ्याला लावून रडल्या. सोपानराव घाबरले. त्यांनी विचारलं, "कोन गेलं?"

"मी," सोजराबाई म्हणाल्या.

मग नाक पुसून त्या उठल्या आणि गटार ओलांडून जाईबाईच्या दारात उभ्या राहिल्या. जाईबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी बस म्हटलं नाही.

"पाळना पायजे हुता," सोजराबाई म्हणाल्या.

"कुनाला?"

"तेजस्विनीला. नवनाथच्या."

"पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

"वजन किती? खोलीत टांगाया अँगल हाय का? शेजारी रातपाळीचा कोन ऱ्हातोय? कडी वाजती पाळन्याची." एकेक पाकळी सोलत जाईबाईंनी पार पिंजून काढलं, आणि सोजराबाई शाळेत उभं केल्यासारख्या उत्तरं देत राहिल्या. उत्तरं देता देता त्यांना कळत होतं, की बाई बरोबर विचारतेय. एकही प्रश्न वाया नव्हता.

"आन तुला काय मिळनार?" जाईबाईंनी शेवटी विचारलं.

"कायबी न्हाई."

"मंग मी सांगते तुला काय करायचं. भर बारशात समद्या बायांसमोर मोठ्यानं सांगायचं, पाळना जाईबाईनं दिला. तुझं नाव मधी येता कामा नये."

जोडे मारले असते तरी बरं, असं सोजराबाईंना वाटलं. पण त्या "व्हय" म्हणाल्या. पाळणा त्यांनी चाकाच्या खुर्चीवर घालून आणला. गल्लीत खुर्चीचं एक चाक नेमकं त्या भांडणाच्या गटारात अडकून तुटलं. खुर्ची तिथेच राहिली, पाळणा डोक्यावर आला.

बारसं झालं. पोरीचं नाव दिव्या ठेवलं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आणि बाया पाळण्यावरून हात फिरवत विचारू लागल्या, कुठून आणला, किती छान. तेजस्विनी सोजराबाईंकडे बघू लागली. जाईबाई तर टक लावूनच बघत होत्या. सोजराबाई चाळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाल्या, "जाईबाईनं दिला! तिच्याकडं समदं असतंय. काय बी लागलं तर तिला इचारत जा."

शेवटचं वाक्य करारात नव्हतं. ते आपोआप आलं, आणि आल्यावर सोजराबाईंनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवसापासून माणसं समोरच्या ओट्यावर जाऊ लागली. शेगडी, बादली, गादी, टीव्ही, जे ते जाईबाईंना विचारू लागलं.

आता जाईबाईंना प्रश्न विचारता यायचे छान, पण उत्तर कुठे येत होतं? कुणाची खोली मोकळी होतेय, कुणाचं कंत्राट संपतंय, यातलं त्यांना ओ की ठो ठाऊक नव्हतं. दोन दिवस त्यांनी ताणून धरलं. तिसऱ्या दिवशी गटाराच्या काठावर उभं राहून त्यांनी हाक मारली, "सोजरे! मोकळीच हायेस ना? लसून सोलाया ये."

तेव्हापासून दोघी एका ओट्यावर बसतात. विचारायचं जाईबाईंना, असा गावात रिवाज पडला आहे. जाईबाई खोदून खोदून विचारतात आणि मग लसणावरची मान वर न करता सोजराबाई हळूच सांगतात, अमक्याकडे बघ, तमका शनिवारी निघतोय. माणूस जाईबाईंचे उपकार मानून जातो. सोजराबाईंना कुणी काही म्हणत नाही, पण त्यांना जेवण जातं, आणि सोपानरावांनाही मिळतं.

परवा कंपनीत नव्याने लागलेला एक जण आला, बायको गावाहून यायची होती. लाजत लाजत म्हणाला, "आजी, एखादी खाट मिळेल का?"

जाईबाई प्रश्नाला तोंड उघडणार तोच सोजराबाईंच्या तोंडून जुन्या सवयीने निघालं, "मारुतरा..."

जाईबाईंनी लसूण सोलता सोलता त्यांच्या मांडीला असा चिमटा काढला की सोजराबाई जागच्या जागी उडाल्या. मग त्या मुकाट्याने मांडी चोळत बसल्या, आणि जाईबाईंनी त्याला विचारलं, "खोलीचं दार केवढं हाय, बाबा?"