आघाडीला घरजावई

फुटबॉलातलं मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या जव्हार-मोखाड्यात कुणाला कळत नाही. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगतो. फक्त ऑफसाईड म्हणजे काय ते अजून कुणी नीट समजावलेलं नाही. आणि पेनल्टीच्या वेळी मी डोळे मिटून घेतो, त्यामुळे आजवर आमची एकही पेनल्टी मी पाहिलेली नाही. बाकी सगळं कळतं.

शाळा माझी चौथीत सुटली, क्लब काही सुटला नाही. क्लबाचे किस्से म्हणजे पेंढ्याची उडवी बघा. वर नवा भारा पडला की खालचा दिसेनासा होतो. या मोसमाचे भारे अजून वरच आहेत, तोवर सांगून घेतो.

आमचा वाघदेव क्लब सूर्यमाळच्या अलीकडच्या पाड्याचा. भात कापून, झोडून झालं की खाचरं मोकळी होतात आणि मोसम सुरू होतो. नेमकं तेव्हाच अर्धी टीम पिशव्या भरून ठाण्या-भिवंडीकडे कामाला निघते. टीव्हीवरच्या क्लबांचे खेळाडू मोसम आला की येतात, आमचे जातात. त्यामुळे सुरुवातीच्या मॅचेस आम्ही हरतोच. त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही असं मी सगळ्यांना सांगतो, आणि घरी जाऊन जेवत नाही.

*

पहिली मॅच घरच्याच मैदानावर होती. मैदान म्हणजे दोन खाचरं, मधे बांध. बांध थोडा छाटलाय, पण आहे. आमच्या पोरांच्या पायांना तो पाठ आहे, पाहुण्यांना नाही. मी विचार केला, पाहुण्यांना तो दिसायचं तरी काय कारण? मॅचच्या आधी बांधावर पेंढा पसरून टाकला. सगळं कसं एकसारखं पिवळं दिसायला लागलं.

पाहुणे मोठे सावध निघाले. पेंढा दिसला की उडी मारायचे. आमचा कॅप्टन काशिनाथ मात्र चेंडू घेऊन सुसाट आला आणि पेंढ्यावर सपशेल आडवा झाला. काशिनाथ म्हणजे माझा मेव्हणा, मोखाड्याच्या रस्त्यावर जीप चालवतो. उठला, तोंडातल्या काड्या काढल्या आणि म्हणाला, "दाजी, रस्त्यात खड्डा असला तर मी चुकवतो. सजवलेला खड्डा मी पहिल्यांदाच बघितला."

हरलो. पेंढा मात्र गुरांनी संपवला, तेवढाच फायदा.

*

मग क्लबानं नवी भरती करायचं ठरवलं. पहिला आला देवराम. हा ठाण्याला एका साईटवर वेल्डिंग करायचा. येताना वेल्डिंगचे चामड्याचे हातमोजे घेऊन आला आणि एवढ्या भांडवलावर गोलकीपर झाला. माझं मत विचाराल तर माणूस उंच, हात लांब, पण मोजे एवढे जाड की चेंडू हातात आलाय हे त्याला दुसऱ्यांनी सांगावं लागायचं.

खरी गंमत त्याच्या तोंडाची. साईटवर राहून त्याला रागाची भाषा हिंदीच झालेली. मोखाड्याच्या मॅचला चेंडू उंच आला तसा हा मुकादमासारखा गरजला, "छोड दे! सब पीछे हटो!"

आमचे सगळे बॅक साईटवर राबून आलेले. मुकादमाचा आवाज आला की हातातलं टाकून बाजूला व्हायचं, ही अंगातली सवय. सगळे बाजूला झाले. समोरच्यांचे फॉरवर्डही साईटवरच राबलेले, तेही झाले. मैदानात पंधरा-वीस माणसं माना खाली घालून उभी, आणि चेंडू एकटाच टप्पे खात देवरामच्या मोज्यांना लागून गोलात गेला.

रेफरीनं शिट्टी वाजवायला जरा वेळ लावला. नंतर कळलं, तोही दोन वर्षं भिवंडीला होता.

*

दुसरी भरती म्हणजे माझा जावई यशवंत. दाभोश्याचा फॉरवर्ड. डाव्या पायानं असा मारायचा की चेंडू आधी नदीकडे जातोय असं वाटावं आणि मग त्याला गोल आठवावा.

टीव्हीवरचे क्लब खेळाडू आणतात तेव्हा केवढी बोलणी, केवढा गाजावाजा. आम्ही लग्न लावलं. आमच्यात घरजावई करायची रीत जुनीच आहे. मुलगा सासरी येऊन राहतो, सासऱ्याची शेती करतो. मी त्यात एवढंच घातलं की शेती झाली की आघाडीला खेळायचं. पाड्यात सांगितलं की क्लबासाठी एवढी मोठी भरती आजवर कुणी केली नाही, मी पोटची लेक दिली.

माझी बायको जनी हे ऐकून म्हणाली की पोरांनी एकमेकांना जत्रेत आधीच पसंत केलेलं, ह्यांनी नुसता मांडव घातला. ते खरं आहे. आणि आणखी एक खरं आहे, ते मी पाड्यात सांगितलं नाही. चंद्रा आमची एकुलती एक, उतारवयात झालेली. ती दाभोश्याला गेली असती तर घरात मी, जनी आणि कोंबड्या. जनी कामापुरतं बोलते आणि कोंबड्या ऐकत नाहीत.

*

जावई आला, पण पहिल्याच प्रॅक्टिसला घोटाळा. काशिनाथ चंद्राचा मामा, म्हणजे यशवंताचा मामेसासरा. यशवंत चेंडू घेऊन आला, काशिनाथ आडवा गेला, पायाला पाय लागला. झालं! यशवंत जागच्या जागी थांबला, वाकला, काशिनाथाच्या पायाला हात लावून कपाळाला लावला. मोठ्या माणसाला पाय लागला तर पाया पडायचं, हे त्याला आईनं लहानपणी असं शिकवलेलं की ते कुठंही बाहेर यायचं. तोवर चेंडू पोरं घेऊन गेलेली.

पुन्हा तेच. पुन्हा पाय, पुन्हा नमस्कार. काशिनाथानं शेवटी आशीर्वाद द्यायचाही बाकी ठेवला नाही, "औक्षवंत हो, पण आता धाव" म्हणाला. चंद्रा बांधावर बसून पोट धरून हसत होती. मी म्हटलं, अगं तुझा नवरा आहे. ती म्हणाली, "बाबा, सासूबाई म्हणतात तो लहानपणी बैलालाही पाय लागला तर पाया पडायचा."

सासूबाई काय काय म्हणतात ते तेव्हापासून घरात बरंच ऐकायला यायला लागलं. मधे चंद्रा आठ-दहा दिवस दाभोश्याला राहून आली, तर जनी म्हणाली, पोरगी आता भात त्यांच्यासारखा मोकळा करते, आपल्यासारखा आसट नाही. मी म्हटलं, भात तो भात. माझं सगळं लक्ष तेव्हा आघाडीकडे होतं.

*

आता विहीणबाई. भिमाबाई नाव. नवरा नाही, नदीकाठी चांगलं भाताचं शेत, धाकटा मुलगा घरी, आणि जीभ अशी की व्यापारी भाव सांगायच्या आधी घाम पुसतात. जव्हारच्या बाजाराला करांदे, म्हणजे रानातले कंद, विकायला बसतात. व्याही-विहिणींनी एकमेकांची टर उडवायची हा आमचा हक्कच, आणि मी तो दर बाजाराला बजावत असे. पाटीसमोर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो की दाभोश्याचे करांदे चांगले, पण चांगला माल आम्ही आधीच उचलला, आता आघाडीला खेळतोय.

एका बाजाराला बाईंनी करांदे निवडता निवडता विषय काढला. म्हणाल्या, लग्नात बोललो होतो की पोरं एक मोसम तुमच्याकडे, पुढचं पुढं बघू. आता येत्या आवणीला, भात लावायला, मला माणसं लागतील. दोघांना पाठवा, राहू द्या माझ्याकडे.

बघू म्हणून विषय टाळायला हवा होता. पण बाजारात माणसं ऐकत होती, आणि माणसं ऐकत असली की माझं तोंड माझं राहत नाही. मी म्हणालो, दाभोश्याशी आमची मॅच आहेच. तुम्ही जिंकलात तर दोघं तुमच्याकडे. आम्ही जिंकलो तर आमच्याकडे, आणि मग बोलायचं नाही.

बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. "चालंल, याहीबुवा. सगळ्यांनी ऐकलं ना?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. मी चहाला गेलो. परत आलो तर चंद्रा बाईंच्या शेजारी गोणपाटावर बसून करांदे विकत होती, आणि दोघी कशाला तरी हसत होत्या. मला बघून थांबल्या.

घरी जनीला सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि एवढंच विचारलं की तुमच्या क्लबानं यंदा किती मॅचेस जिंकल्या. मी पाणी आणायला निघून गेलो.

*

मॅचला काशिनाथाच्या जीपनं निघालो; चंद्रा आदल्या दिवशीच सासरी मुक्कामाला गेली होती. आमच्याकडे टीम जीपवर ठरते. आत बसतात ते खेळणारे, मागे लटकतात ते बदली, आणि चढणीला उतरून ढकलतात ते माझ्यासारखे सल्लागार. शिरपामाळावर थांबलो तर मुंबईकडची फिरायला आलेली मंडळी होती. त्यांनी जर्सी बघितल्या आणि कौतुकानं विचारलं की कुठं कुठं खेळता. मी म्हणालो, "सध्या बाहेरचा दौरा चालू आहे." त्यांनी देवरामबरोबर, मोज्यांसकट, फोटो काढून घेतले. एका ताईंनी विचारलं, बाहेर म्हणजे कुठल्या देशात?

"आत्ता दाभोसा," मी म्हणालो.

देवराम त्या दिवसापासून मॅचच्या आधी केस विंचरतो.

*

दाभोश्याचं मैदान नदीकडचं, सपाट, बांध नसलेलं. तिथं उतरलो आणि आमचे चेहरेच उतरले. त्यांच्या बॅकला उभा कोण? यशवंताचा सख्खा मामा, पोट सुटलेला. त्याच्या शेजारी चुलता, धोतर खोचून. पलीकडे मोठा मावसा. पायांत बूट नाहीत, पळायची तयारी नाही, नुसते देवळातल्या खांबांसारखे उभे. गोलात धाकटा भाऊ. आणि मैदानाच्या कडेला दाभोश्याच्या बायकांमधे भिमाबाई, माझ्याकडे बघून पदर नीट करत. प्रॅक्टिसची गोष्ट त्यांच्यापर्यंत कुणी पोचवली कोण जाणे. मी तेव्हा तेवढा विचार केला नाही.

पहिला हाफ बघवला नाही. यशवंत मामाकडे गेला, पाय लागला, वाकला. चुलत्याकडे गेला, पाय लागला, वाकला. मावसा तर मुद्दाम पाय पुढे करून ठेवायचा. त्यांनी एक गोलही मारला. दाभोसा एक, आम्ही सगळ्या वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद.

हाफटाइमला सगळे यशवंतावर ओरडायला लागले. तो बिचारा खाली बघत म्हणाला, "हात आपोआप जातो. मी काय करू?"

मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, जावईबापू, नमस्कार चुकवायचा नाही. आईनं शिकवलंय ते बरोबर आहे. पण आगाऊ करायला काही हरकत आहे का? पूर्ण हाफचे आत्ताच करून टाक.

पोरगा हुशार. शिट्टीच्या आधी गेला, मामाला वाकला, चुलत्याला वाकला, मावशाला वाकला, प्रत्येकाला सांगितलं की हे पुढच्या सगळ्या लागणाऱ्या पायांचे. म्हातारे खूश. मामानं तर डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, जिंकून ये. मग त्याच्या लक्षात आलं, पण आशीर्वाद तोंडातून गेलेला.

त्यानंतरचा यशवंत तुम्ही बघायला हवा होता. चुलत्याच्या धोतराजवळून असा गेला की धोतर हललं, चुलता नाही. बरोबरी केली. मग शेवटी शेवटी पुन्हा सुसाट निघाला, आणि मामाला दुसरं काही सुचेना तेव्हा त्यानं भाच्याला कवेतच घेतलं. सोडेचना. रेफरीनं पेनल्टी दिली.

मी डोळे मिटले. वाघदेवाचं नाव घेतलं. कोंबड्या आठवल्या, रिकामी ओसरी आठवली. शिट्टी ऐकली. चेंडूचा आवाज ऐकला. दाभोश्याच्या बायकांचा मोठा हाय-हाय ऐकला, त्यात एक आवाज ओळखीचा वाटला. मग आमची माणसं माझ्या अंगावर पडली.

जिंकलो होतो! काशिनाथ नाचत होता, देवराम मोज्यांनी टाळ्या वाजवत होता, त्यांचा आवाज कपडे आपटल्यासारखा येत होता. मी टोपी सरळ केली आणि सरळ भिमाबाईंकडे गेलो. मागून दोन्हीकडची माणसं ऐकायला आलेली. मी म्हणालो की विहीणबाई, जव्हारचा सगळा बाजार साक्षीला आहे. आवणीला पोरं आमच्याकडे. आणि आमची नवी भरती कशी काय वाटली तेही सांगून टाका.

बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मला दिली आणि मी प्यायला लागेपर्यंत थांबल्या.

"भरती चांगली हाय, याहीबुवा. पोरगा तुमी जिंकला, ठेवा. पण मगाशी तुमचे डोळे मिटलेले, म्हणून तुमाला दिसलं नाय. तुमची चंद्रा हितं माझा हात धरून उभी होती, आमच्या गोलीला ओरडत होती, भावजी अडवा, भावजी अडवा म्हणून. आमचा खेळाडू नेला ते तुमी मोसमभर बाजारात सांगितलं. तुमचा आमी कवा नेला, ते तुमाला तरी कळलं का?"